आबांचा मासा आणि भावाचं कपाट

माशाला घरी धूर द्यायची यंत्रं विकत मिळतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं नसतं तरी काही अडलं नसतं. मला मासा आवडत नाही. त्याचा वास, बुळबुळीत अंग, मेल्यावरही उघडा राहिलेला डोळा, यांतलं काहीच मला कधी सोसलं नाही. धूर दिलेला मासा तर मला जळक्या चपलेसारखा लागतो. तरीही दोन महिने मी या यंत्रांची माहिती वाचत, ती बघत आणि हुंगत फिरले, ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे वडील. शेतकी खात्यात होते. कपाशीवर औषध कसं फवारायचं, किती फवारायचं, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे तीस वर्षं गावोगावच्या शेतकऱ्यांना शिकवत फिरले. आता ते धुळ्याला माझ्या धाकट्या भावाकडे असतात. मी जळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन एकटी राहते. यंदा हिवाळ्यात आबांना लांबलेला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. वरण मातीसारखं लागायचं, दूध चुन्यासारखं. भाकरीचं ताट समोर आलं की ते तोंड फिरवायचे. भाकरी नसेल तर त्याला जेवण म्हणायचंच नाही, असा ज्या माणसाचा जन्मभर कायदा होता, तो आता पेजेचे चार घोट घेऊन भिंतीकडे वळून झोपायचा. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की आता आजार असा काही राहिलेला नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर उन्हाळा निभणार नाही. ते जे मागतील ते द्या.

आबांनी बरेच दिवस काहीच मागितलं नाही. मग एका सकाळी, मी धुळ्याला गेलेली असताना, ते म्हणाले की पिंपळनेरच्या पुढे एका पाड्यावर त्यांनी धुराचा मासा खाल्ला होता, तो मिळाला तर बघ.

मी पिंपळनेरच्या बाजारात गेले. एका टोपलीत धुरावर वाळवलेले बोटाएवढे काळपट मासे घेऊन एक बाई बसली होती. मी ओंजळभर घेतले. आबांनी एक तोंडात धरला, थोडा वेळ चघळला आणि काढून ठेवला. दात राहिलेले नाहीत, आणि तो मासा लाकडासारखा कडक. पाड्यावरचा मासा असा नव्हता, त्यांनी सांगितलं. तो मोठा होता, सकाळी धरलेला, दिवसभर चुलीवरच्या बांबूच्या तट्टीवर टांगलेला. संध्याकाळी बोटानं मोडत होता.

पुढच्या बाजारी मी त्या बाईला विचारलं की असा मऊ मासा घरी करता येईल का. तिनं माझ्या चष्म्याकडे बघितलं, पर्सकडे बघितलं आणि सांगितलं की त्यात काय, तेलाचा रिकामा डबा घ्या, वर जाळी टाका, खाली निखारे. लाकूड कोणतं, हे मी विचारलं तेव्हा ती हसली.

"अक्का, जे लाकूड भाकरीले चालस, तेच मासाले चालस."

मीही हसले, आभार मानले आणि तिचं बोलणं तिथंच टोपलीपाशी ठेवून आले. आयुष्य पुस्तकांत गेलं की माणसाला एक खोड लागते. जे बाजारात बसलेल्या बाईनं फुकट सांगितलं ते ज्ञान वाटत नाही, आणि जे चकचकीत कागदावर छापलंय ते वाटतं.

म्हणून मी यंत्रं बघायला निघाले.

पहिलं जळगावातच, हॉटेलांना लागणारं सामान विकणाऱ्या एका दुकानात होतं. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं पिस्तूल. त्याच्या तोंडात चिमूटभर भुसा घालायचा, पेटवायचा आणि काचेच्या घुमटाखाली ठेवलेल्या पदार्थावर धूर सोडायचा. दुकानदारानं पनीरच्या एका तुकड्यावर प्रयोग करून दाखवला. घुमट उचलताना त्याचा चेहरा नारळातून चांदीचा रुपया काढणाऱ्या बाबासारखा झाला. धूर वर गेला, पनीर खाली तसंच थंड बसलं होतं. याच्यानं कच्चा मासा शिजेल का, मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, हे शिजवण्यासाठी नाही, अनुभवासाठी आहे. मग त्यानं एक बाटली काढली. तपकिरी पाणी होतं. धुराचाच अर्क, चार थेंब टाकले की काम झालं. मी झाकण उघडून वास घेतला. रस्त्याच्या कडेला टायर जळत असावं आणि त्यावर कुणी दवाखान्यातली फरशी पुसायचं औषध ओतावं, तसा. घरी पोचेपर्यंत तो वास माझ्या नाकातून गेला नाही.

दुसरं फोनवर बघितलं. छोट्या फ्रिजएवढं, विजेवर चालणारं, काचेच्या दाराचं कपाट. आत लोंबणारे मांसाचे तुकडे, बाहेर पांढरेशुभ्र कपडे घातलेलं कुटुंब, आणि कुणाच्याही कपड्यांवर एक डाग नाही. मांस ज्यानं कापलं असेल तो माणूस कुठं गेला, हा प्रश्न त्या चित्रात कुणालाच पडलेला नव्हता. घेणाऱ्यांचे अभिप्राय मी सगळे वाचले. एकानं लिहिलं होतं, यंत्र उत्तम, फक्त धूर येत नाही. तरी माहितीचं पुस्तक मी उतरवून घेतलं आणि पेन्सिल घेऊन वाचलं, कारण मला तीच सवय. त्यात फळझाडांची लाकडं सुचवली होती. आपल्याकडे न मिळणारी नावं होती, आणि शेवटी एक ओळ होती की आपापल्या भागात परंपरेनं वापरतात ते लाकूडही चालेल.

त्या ओळीखाली मी रेघ मारली. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या रेघेपासून आहे, आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

मी भावाला फोन केला. भाऊ बांधकामाची कंत्राटं घेतो आणि उरलेल्या वेळात अध्यक्ष असतो. कशाचा, ते दर वर्षी बदलतं. त्याच्या दिवाणखान्यात सत्काराच्या शालींचं एक स्वतंत्र कपाट आहे. मी त्याला विजेच्या कपाटाबद्दल सांगायला लागले तेव्हा त्यानं मला अर्ध्यात थांबवलं. बाहेरचं कशाला, आपण बनवू. आबांसाठी करायचं तर असं करू की धुळ्यात कुणी केलं नसेल. आणि धूर कशाचा द्यायचा, असं त्यानं विचारलं.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. आपल्या भागात परंपरेनं वापरतात ते. भरिताची वांगी आपण कपाशीच्या काड्यांवर भाजतो ना, तोच धूर.

भावानं माझं वाक्य फोनवरच मोठ्यानं परत म्हणून बघितलं. मग म्हणाला, "ताई, हे फक्त तुलाच सुचू शकतं."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. खान्देशी माणसाला भरिताचा अभिमान असतो तो इतर कशाचा नसतो, आणि मी स्वतःला त्यातून वगळत आले होते. त्या दिवशी कळलं की वगळलेलं नव्हतं, फक्त वेळ आली नव्हती.

महिन्याभरानं भावाचं कपाट तयार झालं. चकाकत्या स्टीलचं, माणसाएवढं, दोन दारांचं, आत पाच मजले, वर चिमणी, दारावर गोल तापमापक. तापमापकाच्या वर भावाचं नाव कोरलेलं, खाली लहान अक्षरांत 'पितृसेवेस अर्पण'. शेजारून बघितलं तर बँकेतली तिजोरी आणि स्मशानातली दाहिनी यांच्या मधलं काहीतरी वाटत होतं. मी हे बोलले नाही. आबा आतल्या खोलीत होते आणि खिडकी उघडी होती.

उद्घाटन ठेवलं होतं. घरी मासा भाजण्याचं उद्घाटन होऊ शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंगणात मांडव, फीत, नारळ, पन्नासेक खुर्च्या. प्रमुख पाहुणे माळकरी होते. मासे त्यांना वर्ज्य, पण फीत वर्ज्य नव्हती. ते दीड तास उशिरा आले. तोवर मीठ-हळद लावलेले मासे बर्फाच्या टोपात होते. ऊन तापत गेलं, बर्फ वितळत गेला आणि तांबूस पाण्याचा एक ओहोळ मांडवाखालून निघून पहिल्या रांगेतल्या चपलांपर्यंत पोचला. वहिनी पोतं टाकून तो अडवत होती. मासे मीच साफ केले होते, सकाळी, नाकाला पदर बांधून. खवले कोपरापर्यंत चिकटले होते. एक कानामागे सापडला, तोही पाहुण्यांशी बोलताना.

पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून फीत कापली आणि वडिलांच्या सेवेवर पंधरा मिनिटं बोलले. ज्यांची सेवा चालली होती ते आबा पहिल्या रांगेत, गळ्यात हार घालून, हाराच्या ओझ्यानं किंचित पुढे झुकून बसले होते. मग भाऊ बोलला. जगात लोक कसकशाचा धूर देतात, पण आपल्याकडे भरिताची परंपरा आहे आणि आपण तोच धूर माशाला देणार आहोत, हे त्यानं हात उंचावून सांगितलं. टाळ्या पडल्या. कल्पना माझी होती हे त्यानं सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटलं. तासाभरानं याच गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानणार होते.

काड्या पेटल्या. दाट, पिवळसर धूर चिमणीतून निघाला, वाऱ्यानं वळला आणि सभेवर उतरला. लोक डोळे पुसत बसून राहिले. अध्यक्षांच्या घरचा धूर म्हटल्यावर कुणी खुर्ची हलवेना.

मासे निघाले ते खरोखर देखणे होते. सोनेरी, वर तेलकट चकाकी. प्रथेप्रमाणे मान्यवरांना आधी वाढलं. एक जण म्हणाला, पंचतारांकित. दुसऱ्यानं डोळे मिटले. तिसरा म्हणाला की लहानपण आठवलं, आणि आणखी एक तुकडा न घेता ताट खुर्चीखाली सरकवून बसला. मी एक कण जिभेवर ठेवला. कडू, जिभेच्या मुळाशी चरचरणारा. पण मला मासा कळत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले.

मग फोटोवाल्याला पुढे बोलावून भावानं आबांना घास भरवला.

आबांनी चावला. थांबले. जबडा एकदा हलला, परत थांबला. मग त्यांनी तळहात तोंडापुढे धरला आणि घास त्यात काढून ठेवला. तो नीट बघितला, नाकाशी नेला. हाराची फुलं त्यात गेली ती बाजूला केली.

"फवारनीना वास येस," ते म्हणाले.

भाऊ हसला. पाहुण्यांकडे बघून म्हणाला की आबांच्या तोंडाला चव नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

"तीस वरीस मी लोकेसले फवारनी शिकाडी," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू माले वास सांगस?"

ज्यांनी डोळे मिटले होते त्यांनी उघडले. माळकरी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी भक्ती बघितली, गळ्यातल्या माळेविषयी. एकेक जण तोंड धुवायला नळाकडे निघाला, आणि पंचतारांकित म्हणणारे सर्वांत पुढे होते.

काड्या कुठून आणल्या, मी भावाला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. त्याच्या एका मित्राच्या शेतातून. यंदा मित्रानं फरदड घेतली होती, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभ्या कपाशीला पुन्हा पाणी देऊन दुसरं पीक. अळी पडली, म्हणून शेवटपर्यंत फवारत राहिला. फवारणी थांबली आणि काड्या उपटल्या, यांत फार दिवस गेले नव्हते. काडीत औषध किती उरतं आणि धुरातून किती येतं, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचीही मला इच्छा नाही. मला एवढं माहीत होतं की आबांना वास आला.

"पण आपण जन्मभर भरीत खातोय," भाऊ म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. "काही झालं का?"

वहिनी ओट्यापाशी ताटं रिकामी करत होती. तिनं मागे न बघता सांगितलं, "वांग्याचं साल काढून फेकतो आपण. धूर सालीला लागतो."

आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्या पाठीकडे बघत उभे राहिलो. काळं झालेलं साल सोलायचं, बोटांना चिकटलेलं पाण्यात बोट बुडवून काढायचं, आणि आतला पांढरा गर तेवढा घ्यायचा, हे मी हजार वेळा केलं असेल. माशाचा आम्ही मात्र गर उघडा करून, चिरा पाडून, तोच धूर आतपर्यंत मुरवला होता आणि आजारी म्हाताऱ्याच्या तोंडात घातला होता. मी नाकाला पदर लावला. या खेपेला माशामुळे नाही. छापलेल्या ओळीखाली ओढलेल्या त्या सरळ रेघेमुळे.

भावानं कुणाला दोष दिला नाही. तो अंगणात गेला आणि आबांच्या गळ्यातला हार काढला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली, आणि ती परतीच्या वाटेवर आली. ज्याच्या तोंडाला चव नाही तो फवारणीचा वास ओळखतो कसा? आबांची चव गेली असेलही, पण ती परतीच्या वाटेवर होती, आणि आम्ही तिचं स्वागत विषानं केलं होतं.

आठवड्याभरानं मी आबांना जळगावला माझ्याकडे आणलं. किराणा दुकानातून तेलाचा रिकामा डबा मागून घेतला. झाकणाकडची बाजू कापून घेतली, खाली हवेला भोकं पाडली. आतून-बाहेरून असलेला रंग जावा म्हणून डब्यात दोनदा नुसता जाळ केला. वर साध्या लोखंडी तारेची जाळी. नशिराबादला एका ओळखीच्या घरी चुलीला आंब्याच्या वाळक्या फांद्या लावतात, तिथून भाराभर आणल्या. त्या घरातल्या आजींना विचारलं, यावर भाकरी करता का. त्यांनी विचारलं, मग काय याच्यावर चित्र काढतो?

मासा मरळ घेतला, कारण त्यात काटे कमी. मरळ जिवंत विकतात. विकणाऱ्यानं माझ्यासमोर तिच्या डोक्यावर दांडका घातला, आणि पिशवीत ठेवल्यावर ती पुन्हा हलली. घरी आणून राखेत घोळवली, तरी हातातून दोनदा सुटली. दुसऱ्यांदा ती मोरीतून सरकत माझ्या पावलावर आली. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

गच्चीवर डबा ठेवला. निखाऱ्यांवर त्याच फांद्यांच्या भिजवलेल्या ढलप्या, जाळीवर मरळीचे तुकडे, वर ओलं गोणपाट. धूर पातळ होता, निळसर. मी मुद्दाम त्यात तोंड घातलं. डोळ्यांत पाणी आलं, पण घसा चरचरला नाही. तीन तास मी त्या डब्यापाशी बसून होते. शेजारची दोन मांजरं समोर बसली होती, त्यांचा विश्वास माझ्याहून जास्त होता. शेवटी साडी, केस, चष्म्याची दोरी, सगळ्याला मासा लागला. मी स्वतःलाच इतकी किळसवाणी कधी वाटले नव्हते.

आबांपुढे ताटली ठेवली. सोबत मऊ भात होता, नेहमीसारखा, दोन घासांपुरता. त्यांनी आधी वास घेतला. बराच वेळ. मग तुकड्याची कातडी नखानं सोडवली, पूर्ण काढली आणि ताटलीच्या कडेला ठेवली, वांग्याचं साल ठेवावं तशी. माझ्याकडे बघितलं नाही. मासा बोटानं दाबला, तो मोडला. एक घास घेतला. मी त्यांच्या तळहाताकडे बघत होते. तो मांडीवरच राहिला.

त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मीठ कमी पडलंय म्हणाले. त्या पाड्यावरच्या माशासारखा नाही, असंही म्हणाले, त्याला शेणीचाही थोडा वास होता. ताटलीतला भात त्यांनी बोटानं बाजूला सारला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"भाकर शे का, माय?"

नव्हती. तीन महिने आबांनी मागितली नव्हती, म्हणून मी केलीच नव्हती. मी उठले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा वरच्या फळीवर मागे गेला होता, तो काढला. हात धुतले. साबण तीनदा लावला, मरळीचा वास काही गेला नाही. बाहेर आबांनी ताटली सरकवल्याचा आवाज आला, आता थांबायची त्यांची तयारी नव्हती. मी तशाच हातांनी पीठ मळायला घेतलं.